बाग पोरांची की पोरांवर नजर ठेवायची?

*नमस्कार. मी कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहते. संध्याकाळी मंडळाच्या खोलीत अभ्यासिका चालवते. आठवी ते बारावीची मुलं येतात, पण त्याहून जास्त मुलं बाहेर कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसलेली असतात. शेजाऱ्यांच्या तक्रारी रोजच्या. खोलीच्या मागे भिंतीलगत पाच-सहा फूट रुंद पट्टा पडून आहे. तिथे राडारोडा आहे, पलीकडे नाला. या पोरांना कशात तरी गुंतवून ठेवावं म्हणून पर्यावरण दिनाला त्यांच्याकडून तिथे बदाम आणि गुलमोहराची रोपं लावून घेतली. पहिल्या दिवशी बावीस जण आले, फोटो निघाले. महिन्याभरात चौघं उरली. त्यातच दोन आया येऊन सुनावून गेल्या, "यांच्या बापानं पाठीवर पोती वाहिली ती यांनी पुन्हा मातीत हात घालायला नाही." आता प्रभागातले एक पुढारी दोनशे रोपं, टी-शर्ट आणि मोठा फलक देतो म्हणतात. घेऊ का? की हे सगळं बंदच करू?*

*– एक वाचक, कोपरखैरणे*

ताई,

बंद करू नका. पण 'गुंतवून ठेवावं' हे कारण मात्र आजच सोडून द्या. माझ्या मते ती अठरा मुलं त्या कारणामुळेच गेली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपल्याला कशासाठी बोलावलंय ते सांगावं लागत नाही. शेजारी कुरकुरतात म्हणून आपल्याला कट्ट्यावरून उठवून भिंतीमागे नेलंय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असणार.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी यावं तरी कशासाठी? बदामाचं रोप जूनमध्ये लावलं की पावसाळाभर त्याला पाणीसुद्धा घालावं लागत नाही. ते डोक्याएवढं होईपर्यंत मुलं कॉलेजात गेलेली असतील. काय लावायचं, खड्डे कुठे घ्यायचे, फोटोत पुढे कोण उभं राहणार, सगळं मोठ्यांनी ठरवलेलं होतं. मुलांच्या वाट्याला आलं फक्त खणणं. (गुलमोहर भिंतीपासून पाच फुटांवर मोठा होऊ देऊ नका, मुळं भिंतीत घुसतील. पाऊस आहे तोवर ती रोपं मातीच्या गड्ड्यासकट उचलून मोकळ्या जागी हलवता येतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा.)

अमेरिकेत बोस्टनजवळच्या लिंकन या गावी 1991 साली 'द फूड प्रोजेक्ट' नावाचं काम सुरू झालं. शहरातली आणि उपनगरांतली, निरनिराळ्या परिस्थितीतली किशोरवयीन मुलं तिथे एकत्र शेतात राबतात. पुढे बोस्टन शहरातल्या डडली भागातल्या ओसाड जागांवरही त्यांनी भाजी पिकवली. तिथे मुलांना कामाचा मोबदला मिळतो, आणि आधी काम केलेली मुलं नव्या मुलांच्या तुकड्या सांभाळतात. तुमच्याकडे मोबदल्याला पैसे नाहीत, ते मला माहीत आहे. पण दुसरी गोष्ट देता येईल: बागेतले खरे निर्णय. काय पेरायचं, भाजी कुणाला द्यायची, कुठल्या वारी भेटायचं, अवजारांच्या पेटीची किल्ली कुणाकडे राहणार, हे उरलेल्या चौघांना ठरवू द्या. बाकीचे गेले तरी ही चौघं कशामुळे टिकली, हेही त्यांनाच विचारा. त्यांच्या उत्तरातून तुम्हाला माझ्या पत्रापेक्षा जास्त कळेल.

ती चुकीचंही ठरवतील. कुणीतरी स्ट्रॉबेरी म्हणेलच, वसाहतीतली निम्मी घरं महाबळेश्वर-जावळीकडची असतील तर नक्कीच म्हणेल. द्या एक कॅरेट (फळबाजारातली प्लास्टिकची पेटी) स्ट्रॉबेरीला. खाडीकाठच्या दमट हवेत ती का रुसते ते मुलांना स्वतः बघू दे. आणि कट्ट्यावरच्या ज्या मुलाबद्दल सर्वांत जास्त तक्रारी आहेत, त्याला किल्ली देऊन पाहा. हे मी अगदी मनापासून सांगते आहे. ज्याच्यावर आजवर कुणी काहीच सोपवलं नाही, त्याला आधी सोपवावं लागतं.

आता त्या दोन आया. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही. कोरडवाहू तुकड्यावर भागेना म्हणून ही माणसं साताऱ्या-सांगलीकडून निघाली, मशीद बंदरला ओझी उचलली, मग बाजार वाशीला आला तसे इकडे आले. 1969 साली माथाडी कायदा झाला, त्याखाली माथाडी मंडळं आली, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळू लागली. त्याआधी हमालाच्या कष्टाला कसलीच हमी नव्हती. ज्या घराने हे भोगलंय, त्या घरातल्या बाईला पोराच्या नखांत माती दिसली की पोटात गोळा येणारच. तिच्यासमोर निसर्गाशी नातं, मोकळी हवा असलं काही बोलू नका. तिला ते ऐकून राग येईल, आणि तो रास्त असेल.

तुम्ही त्यांच्या घरी जा. अभ्यासिकेत बोलावू नका. सरळ सांगा की रविवारी सकाळी दोन तास आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास, एवढंच काम आहे. परीक्षेच्या दिवसांत दहावी-बारावीच्या मुलांना सुट्टी. मुलाला शेतकरी किंवा माळी करायचा विचार नाही. नोकरीचं गाजरही दाखवू नका. एखाद्याला पुढे गोडी लागलीच तर दहावीनंतर कृषी पदविका आहे, बारावीनंतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत, पण ते बोलणं त्याच्या वेळी.

मग त्यांच्याकडे मदत मागा. आळं कसं करावं, मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला तर राख केव्हा धुरळावी, वेल मांडवावर कसा चढवावा, हे त्या बायकांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. आजवर या शहरात त्यांना हे कुणी विचारलेलं नाही. बापांना मालाची प्रतवारी कळते, वजन हातात घेऊन सांगता येतं, आज वाशीत काय भाव फुटला ते तोंडपाठ असतं. त्यांना एका रविवारी मुलांसमोर जुड्या बांधायला बसवा. कुणी कोरेगावकडचं असेल तर गावाहून वाघ्या घेवड्याचं (राजम्याच्या एका जातीचं) मूठभर बी आणायला सांगा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे बहुतेक मुलांना ठाऊक नसतं. मात्र उष्ण हवेत त्याची फुलं गळतात, म्हणून तो थंडीच्या तोंडावरच पेरायचा.

जमिनीबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे हयगय चालत नाही. तुमच्या पट्ट्यातल्या मातीत थेट भाजी लावू नका. खाडीकडचा बराच भाग भराव घालून उभा राहिला आहे, खालचं पाणी मचूळ, वर तुमच्या इथे राडारोडा. जुन्या प्लास्टर-रंगांत शिसं असतं, आणि 2000 सालापर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्येही ते होतं. मातीत पडलेलं शिसं आपोआप नाहीसं होत नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला ते सर्वांत घातक. पालेभाज्या आणि कंदमुळांत किंवा त्यांना चिकटलेल्या धुळीतून ते जास्त येतं, भेंडी-टोमॅटोसारख्या फळभाज्यांत कमी. डडलीतल्या जागांवरही हाच प्रश्न होता. कृषी खात्याकडची नेहमीची माती तपासणी सामू (आम्लता), क्षार, नत्र-स्फुरद-पालाश अशी पिकाच्या पोषणाची माहिती सांगते, शिशाची नाही. शिसं आणि इतर जड धातू पाहायचे असतील तर प्रयोगशाळेला तसं वेगळं सांगावं लागतं. तो खर्च तूर्त करू नका. राडारोडा उचलून घ्या, जमिनीवर जाड ताडपत्री किंवा फरशीचे तुकडे अंथरा आणि वर भांड्यांत बाग करा. आणि नाल्याचं पाणी कशालाही नको, हात धुवायलासुद्धा नको. रेल्वेरुळांलगत तसल्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी मुलांनी पाहिलेली असते. ते इथे का चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी त्यांना नीट समजावून सांगा.

भांडी विकत घ्यायची गरज नाही, तुमच्या वसाहतीचा अर्धा पुरुषवर्ग बाजार समितीत आहे. फळबाजारातून मोडकी प्लास्टिकची कॅरेट आणि आंब्याच्या पेट्या येतील, आत लावायला बारदान येईल. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोली पुरते. टोमॅटो, वांगी, भेंडीला फूटभर हवी. एकच इशारा: भंगारवाल्याकडचे निळे ड्रम स्वस्त मिळतात म्हणून उचलू नका. तुमच्या भागाजवळच एमआयडीसी आहे. त्या ड्रममध्ये आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. खाद्यतेल किंवा सरबताचा अर्क आलेला ड्रम असेल आणि तसं लेबल शाबूत असेल तरच घ्या.

कुणीतरी गच्ची सुचवेल. लोकांची ये-जा असलेली गच्ची आपल्याकडे साधारण चौरस मीटरला 150 किलो भार धरून आखतात. फूटभर ओल्या मातीचं वजन तेवढ्याच जागेत 450 किलोच्या वर जातं. जुन्या इमारतीवर हा खेळ नको.

मातीसाठी उत्तम वेळ आत्ता आहे, गणपती तोंडावर आलेत. वसाहतीतल्या घरांतून आणि मंडळातून निर्माल्य गोळा करा, पण दोरे, प्लास्टिक, थर्माकोल तिथल्या तिथे काढून. हे काम मुलं आनंदाने करतात, कारण घरोघरी जायला मिळतं. एक भाग निर्माल्य आणि भाज्यांची देठं, दोन ते तीन भाग वाळका पालापाचोळा, थोडं शेण किंवा आंबट ताक, आठवड्यातून एकदा ढवळणं. आपल्या हवेत दोन महिन्यांत खत तयार होतं. वास यायला लागला तर समजा ओलं जास्त झालं, सुकं घाला. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडंही मागून आणा. भांड्याच्या तळाशी चार बोटं चिपाडं घातली की वजन कमी होतं आणि ओल टिकते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी अशाच टाकाऊ मालावर आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळांची बाग उभी केली. माती तिथे नाममात्र. पहिल्या हंगामापुरती मात्र चांगल्या रोपवाटिकेतून लाल माती आणि गांडूळखत घ्यावं लागेल. नवी मुंबईत उच्चदाब वाहिन्यांखाली बऱ्याच रोपवाटिका आहेत, तिथे विचारा. देणगी मागायची असेल तर याच कामासाठी मागा.

खत मुरेपर्यंत मुलांना एक काम द्या. पाऊस उघडलेल्या एखाद्या रविवारी सकाळी सातपासून दर तासाला भिंतीवर आणि जमिनीवर उन्हाची रेघ खडूने आखायची. टोमॅटो-वांग्याला पाच-सहा तास ऊन लागतं, पालेभाजीला तीन-चार तासांत भागतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या इमारतीची सावली आजच्यापेक्षा पुढे येईल. ती कुठवर येईल याचा अंदाज मुलांना बांधू द्या. भूगोलाच्या पुस्तकातलं अयन भिंतीवर दिसतं, आणि अभ्यासिकेच्या पालकांना सांगायलाही हे बरं पडतं.

वेळापत्रक शाळेचं आणि गावच्या वाटेचं धरून करा, पंचांगाचं नंतर. सप्टेंबरच्या सुरुवातीला टोमॅटो, मिरची, वांग्याचं बी ट्रेमध्ये टाकायचं. महिन्याभरात रोपं लावायला येतात. त्याच सुमाराला लाल माठ आणि मुळा. माठ महिन्याभरात कापता येतो, मुळा दीड महिन्यात उपटता येतो, आणि पहिल्या महिन्यात हाताला काहीतरी लागणं फार गरजेचं आहे. ऑक्टोबरचा चटका कमी झाला की मेथी आणि कोथिंबीर. धणे पेरण्याआधी हलके रगडून त्यांच्या दोन फोडी करायच्या, नाहीतर उगवायला रडवतात. मांडवाला वाल सोडा. डिसेंबरात टोमॅटो लागतील, फेब्रुवारीत बहर ओसरेल, आणि तेव्हाच बोर्डाच्या परीक्षा येतात. हे जुळून येतं ते सोयीचंच आहे. तेव्हा आठवी-नववीची मुलं बाग हातात घेतील आणि पुढच्या वर्षी तीच नव्यांना शिकवतील. मे महिन्यात तुमची वसाहत गावी जाते. त्या महिन्यात बाग जगवायचा हट्ट धरू नका. एप्रिलअखेर सगळं काढून मातीवर पालापाचोळ्याचं पांघरूण घाला. कढीपत्ता आणि गवती चहा तेवढा मागे राहणाऱ्या एखाद्या घरी ठेवा. पुढच्या जूनमध्ये वेलांपासून सुरुवात करा: पडवळ, शिराळी, काकडी. जुलैच्या सरींनी पालेभाजी झोडपून निघते, मांडवावरचे वेल मात्र तग धरतात.

तुम्ही मुलींबद्दल काही लिहिलं नाही. उरलेल्या चौघांत किती मुली आहेत? बागेची वेळ सकाळची असेल, मंडळाच्या खोलीतलं स्वच्छतागृह उघडं असेल आणि एखादी आई तिथे असेल, तर मुली येतील. संध्याकाळी सातची वेळ ठेवलीत तर घरून पाठवणार नाहीत. आणखी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत, मुलांच्या देखत, सांगून टाका: पाळी आली म्हणून कुठल्याही मुलीने रोपापासून लांब राहायचं नाही, आणि तिला तसं कुणी विचारायचंही नाही. पाळीतल्या हाताने झाड मरत नाही. घरोघरी तुळशीबद्दल काय पाळतात त्यावर वाद घालत बसू नका, पण बागेत ही प्रथा शिरू देऊ नका. एकदा शिरली की दर महिन्याला चार दिवस मुली गैरहजर राहतील आणि कारण कुणी बोलणार नाही.

शेजाऱ्यांची पुढची तक्रार डासांची असेल, आणि ती खरी असू शकते. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत त्याचा उडता डास होतो. कुंडीखाली ताटल्या ठेवू नका, पाण्याच्या ड्रमला घट्ट झाकण हवं, आणि आठवड्यातला एक वार सगळं पालथं करून कोरडं करायचा. पाणी किती लागेल? दहा चौरस मीटर लागवडीला थंडीत रोज वीस-तीस लिटर, मार्चमध्ये त्याच्या दुप्पट. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊनसाठी 200 लिटरचा एक ड्रम भरलेला असू द्या. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नको.

भाजी किती निघेल याबद्दल मुलांना खोटी आशा लावू नका. दहा चौरस मीटर माठाच्या एका कापणीला फार तर दहा-बारा किलो निघेल. ती विकायची, वाटायची की एकत्र शिजवायची, हे मुलांनीच ठरवायचं. विकली तर पैसे वहीत लिहायचे आणि रविवारी सगळ्यांसमोर हिशेब वाचायचा. त्यातून बी घ्यायचं की क्रिकेटचा बॉल, यात तुम्ही पडू नका. बॉल घेतला तरी चालेल. बाग आणि कट्टा यांचं वैर नाही, हे त्यांना त्यातून कळेल.

राहिले पुढारी. दोनशे रोपं घेऊ नका, पाच फुटांच्या पट्ट्यात ती मरतील आणि मुलांना मेलेली झाडं बघावी लागतील. टी-शर्टही नको. मुलं कुणाची तरी माणसं दिसू लागली की वसाहतीतली दुसऱ्या बाजूची घरं आपली मुलं पाठवणार नाहीत. पुढाऱ्यांना नम्रपणे सांगा की आम्हाला एक नळजोडणी, दोन ट्रक राडारोडा उचलून नेणं आणि एक ट्रॉली लाल माती हवी आहे. ज्याला खरंच मदत करायची आहे तो यातलं काहीतरी करेल. फलक लावायचाच असेल तर मुलांनी रंगवलेला, त्यावर काय लिहायचं ते मुलांनी ठरवलेलं.

हे सगळं करण्याआधी तो पट्टा कुणाच्या मालकीचा आहे ते शोधा: सिडकोचा, महापालिकेचा की तुमच्या सोसायटीचा. तोंडी "करा हो, कोण विचारतंय" यावर विसंबू नका. नवं बांधकाम किंवा पार्किंग आलं की पहिली ती कॅरेट उचलली जातील. कोपरखैरणे विभाग कार्यालयात नकाशा पाहता येईल का ते विचारा. सोसायटीची जागा असेल तर कमिटीचा ठराव लिहून घ्या, महापालिकेची असेल तर उद्यान विभागाला अर्ज करा. जागेचं मोजमाप, भांड्यांतली तात्पुरती लागवड, पक्कं बांधकाम नाही, मुदत वर्षाची, एवढं त्यात असू द्या. अर्ज त्या चौघांना लिहू दे, तुम्ही फक्त सही करा. द्यायलाही त्यांना सोबत न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.